अकबर मिस्त्रीचा कान

वारूळवाडीच्या अकबर मिस्त्रीला गाडी उघडून बघावी लागत नाही, असं अख्ख्या पट्ट्यात बोललं जायचं. गिऱ्हाइकानं इंजिन चालू करायचं, अकबरनं मान जराशी तिरकी करून उभं राहायचं आणि सांगायचं, "दोन नंबरचा प्लग गेलाय." पाना लावून प्लग काढला की तो गेलेलाच निघायचा. नारायणगावात नवी गॅरेजं झाली, तिथं गाडीला कॉम्प्युटर जोडून दोष शोधायला लागले, तरी जुनी गिऱ्हाइकं हटली नाहीत. या कौतुकाची अकबरला चटक लागली होती. "प्लग काढून काय, कुनीबी सांगंल," असं तो चारचौघांत म्हणायचा.

घरात मात्र वेगळंच चाललं होतं. टीव्हीचा आवाज चढत चालला होता. गॅसवरच्या कुकरच्या शिट्ट्या त्याच्या गावीही नसायच्या. बायको हसीना पाठीमागून हाका मारून दमायची आणि शेवटी पुढ्यात येऊन उभी राहायची. "अजी, तीन बार बुलाया मैं." कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ म्हटलं, की अकबर उखडायचा. कानावर तर आपलं पोट चालतं, त्याला काय धाड भरलीय, असं म्हणून तो विषय तोडायचा.

थंडीच्या दिवसांत महाळुंगे पडवळचा दादाभाऊ त्याची जुनी पांढरी गाडी घेऊन आला. दोघांचा घरोबा. ईदला दादाभाऊ यायचा, गावच्या यात्रेला अकबर जायचा.

"अकबरभाई, सकाळच्याला चालू व्हायला लई सेल मारावा लागतोय," दादाभाऊ म्हणाला. "चढाला धक्के देती. पेट्रोलबी जास्त खाती. प्लग बदलायचं का? सासूबाईंचं काय खरं न्हाई आता. त्यांचं गाव डिंभ्याच्या वर, पार डोंगरात. कवाबी फोन यील आन् निघावं लागंल. आमच्या झुंबरचा तर घास घशाखाली उतरंना."

सेल जास्त मारावा लागणं, चढाला धक्के, पेट्रोलचा खर्च. एवढं ऐकून कुठल्याही मिस्त्रीनं आधी प्लगला पाना लावला असता. अकबरनं इंजिन चालू करायला लावलं आणि मान तिरकी केली. आवाज एकसारखा येत होता, लोण्यासारखा मऊ. त्यानं थोडी रेस दिली. तरी तसाच.

"मिसिंग न्हाई, समदे प्लग नीट पेटत्यात. पेट्रोलमधी कचरा आसंल. फिल्टर साफ करून देतो, बिनघोर जावा."

"एकदा काढून बघायचं का पन?"

"दादाभाऊ, माझ्यावर भरवसा न्हाई व्हय?"

दादाभाऊ ओशाळला. "तसं न्हाई राव," म्हणाला आणि बाकड्यावर जाऊन बसला.

पुढं बरेच दिवस त्याचा फोन नाही, काही नाही. मग एका दुपारी तीच गाडी गॅरेजसमोर येऊन थांबली. दादाभाऊ उतरला. बॉनेटकडं गेला नाही, रामराम केला नाही. खिशातून वर्तमानपत्राचं पुडकं काढलं आणि अकबरच्या पुढ्यात टेबलावर सोडलं. आत तीन प्लग होते. काजळी धरून काळेठिक्कर झालेले, टोकं झिजून गेलेली. एकाच्या पांढऱ्या चिनीमातीला बारीक तडा होता.

"घोडेगावच्या मिस्त्रीनं काढलं," दादाभाऊ म्हणाला. "त्यो म्हनला, ही गाडी इतके दिवस चाललीच कशी."

अकबरनं एक प्लग हातात घेतला.

मग दादाभाऊनं घडलं ते सांगितलं. सासूबाई पहाटे गेल्या. फोन दुपारी लागला तसे नवराबायको दोघं निघाले. डिंभ्याच्या पुढच्या चढाला गाडीनं आचके दिले आणि बंद पडली ती पडलीच. फोनला रेंज नाही. एसटीचा पत्ता नाही. झुंबरबाई चढावर चालत सुटल्या, मागनं दादाभाऊ. दिवस बुडाल्यावर मासळीचा एक टेंपो भेटला, त्यानं वर सोडलं. तिकडं माणसांनी लई वेळ वाट बघितली होती. फोन लागेना, सूर्य डोंगराला टेकायला आला, शेवटी त्यांनी तिरडी उचलली.

"आमी पोचलो तवा चिता निम्मी जळली व्हती," दादाभाऊ म्हणाला. "एकुलती लेक, अकबरभाई. आईचं तोंड बघायचं राहिलं तिचं."

तो आवाज चढवून बोलला असता तर अकबरला बरं वाटलं असतं. दादाभाऊ तसाच गाडीत बसला आणि गेला.

ब्रेकच्या कामासाठी आलेली दुसरी एक गाडी गॅरेजात उभी होती. अकबरनं तिच्या एका प्लगची वायर मुद्दाम काढून ठेवली आणि इंजिन चालू केलं. आता मिसिंग असणारच होतं. त्यानं बॉनेटवर तळहात ठेवला. थंडीतापानं माणूस हुडहुडावा तशी गाडी हलत होती. मान तिरकी केली. कानाला तोच मऊ, एकसारखा आवाज. इंजिन आपोआप बंद पडलं, तेही आधी हाताला कळलं, कानाला मागाहून.

तो स्टुलावर बसून राहिला. हसीना डबा घेऊन आली. त्याचा चेहरा बघून तिनं काय झालं ते विचारलं. "मुझे सुनाई नहीं देता," अकबर म्हणाला. ती नुसती शेजारी बसली.

दहावा उरकल्यावर तो महाळुंग्याला गेला. झुंबरबाई ओट्यावर लसूण सोलत होत्या. त्यांनी पाणी दिलं, बसा म्हणाल्या. अकबर मोठ्यानं बोलला, स्वतःला ऐकू यावं म्हणून.

"वहिनी, माझा कान गेलाय. घरात समद्यांना ठावं व्हतं. मीच मानत नव्हतो. प्लग काढून बघायचं म्हंजी चार मिन्टांचं काम. दादाभाऊ म्हनत व्हते तरी काढला न्हाई मी. मिजास नडली माझी."

लसणाच्या पाकळ्या सुपात पडत राहिल्या.

"आई हाका मारत व्हती म्हनं मला. शेवटपत्तुर," त्या म्हणाल्या. "तुमी आलात, बरं केलंत. पन राग न्हाई आसं मी म्हननार न्हाई, भाऊ. हाय. जाईल तवा जाईल."

"ऱ्हाऊ द्या," अकबर म्हणाला. "ऱ्हायलाच पायजे."

डॉक्टरांनी कानाला मशीन दिलं. त्यातून पाने आपटल्याचा, हॉर्नचा आवाज डोक्यात घुसतो. इंजिनाची मात्र नुसती घरघर येते, त्यातलं काही वेगळं काढता येत नाही. अकबर आता आलेल्या प्रत्येक पेट्रोल गाडीचे प्लग आधी उघडतो, काजळी बघतो, टोकाची फट मोजतो, मग बोलतो. काही जुनी गिऱ्हाइकं थांबतात. बरीचशी घड्याळ बघतात आणि पुढच्या वेळी येत नाहीत.

ईदला दादाभाऊ आला नाही. हसीनानं त्याच्या वाट्याचा शीरखुर्मा संध्याकाळपर्यंत झाकून ठेवला होता, मग शेजारी देऊन टाकला. अकबरनं ते बघितलं आणि परत आलेली रिकामी वाटी स्वतःच धुऊन ठेवली.