घासलेल्या अंगाला क्रीम

आमच्या गाडीचं अंग पत्र्याचं नाही, प्लास्टिकचं. गंजत नाही हे खरं, पण उन्हाने तिचा लाल रंग पार विटला होता. आमच्या ह्यांनी जन्मभर लोकांच्या दाढ्या केल्या. हात थरथरायला लागल्यावर आपणहून वस्तरा खाली ठेवला आणि पाठोपाठ गाडी चालवणंही सोडलं. गाडी लेकीला द्यायची ठरली. ती नर्स आहे, घरोघरी जाऊन पेशंट बघते. फोनवर म्हणाली, "बाबा, रविवारी येते. बरी दिसली तर नेते, नाहीतर भंगारात देऊन टाकू."

भंगार हा शब्द ह्यांना फार लागला. त्या दिवशी जेवणात लक्ष नव्हतं. दुसऱ्या दिवशी पॉलिश पेपर, रंगाआधी प्लास्टिकवर मारायचा प्राइमर आणि लाल रंगाचे स्प्रे घेऊन आले. दुकानदाराने बजावलं होतं, "घासून स्वच्छ पुसा. तेलकट बोट लागलं तरी रंग धरणार नाही."

दोन दिवस शेडमध्ये घासाघीस चालली होती. काचांना कागद, कडांना चिकटपट्टी, सगळं अगदी गिऱ्हाइकाच्या गळ्यात टॉवेल अडकवावा तसं.

"अहो, गाडीची दाढी चाललीय की काय?"

"हसू नकोस. गालावर एकाच जागी जोर द्यायचा नसतो," हे गंभीरपणे म्हणाले. गाल म्हणजे दार, हे मला नंतर कळलं.

रंग मारल्यावर गाडी खरंच देखणी दिसली. मी तसं म्हटलंही, आणि मी काही सहसा म्हणत नाही. शनिवारी ह्यांनी चिकटपट्टी ओढली, तर तिच्यासोबत दाराचा रंगही प्राइमरसकट कांद्याच्या सालीसारखा निघून आला.

"पुसलंत कशाने?" मी विचारलं.

फळीवर दाढीनंतर लावायच्या क्रीमचा डबा अर्धा झाला होता.

"घासलेलं अंग कोरडं कसं सोडायचं गं? हात आपोआप गेला."

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं म्हणून मी पोट धरून हसले. मग ह्यांचे डोळे दिसले आणि माझं हसणं तोंडातच राहिलं.

लेक आली तेव्हा हे त्या दाराला पाठ लावून उभे होते.

"बाबा, बाजूला व्हा."

तिने रंगाची एक साल काढली, बोटांचा वास घेतला. तिच्या लहानपणी रोज संध्याकाळी ह्यांच्या हातांना तोच वास यायचा. तिच्या लक्षात आलं.

"दे भंगारात," हे खाली बघत म्हणाले.

तिने बाह्या वर सारल्या आणि बसली खरवडायला. तिघांनी मिळून सगळा रंग उतरवला, साबणाने गाडी धुतली, पुन्हा घासली. शेवटचं दार संपलं आणि ह्यांचा हात फळीकडे गेला.

"बाबा!" "अहो!" आम्ही दोघी एकदम ओरडलो.

लेकीने डबा हिसकावून घेतला. बोटभर क्रीम काढलं आणि ह्यांचे भेगाळलेले हात आपल्या हातात घेऊन चोळायला लागली. हात थरथरत होते. ती सावकाश चोळत राहिली.

"कोरडं इथे सोडायचं नाही," ती म्हणाली. "उद्या प्राइमर मी मारते. रजा टाकलीय. पण चावी आत्ताच द्या. मागून तुमचं मन बदलायचं."

ह्यांनी दोन्ही हात वर धरले.

"हात बरबटलेत गं. खिशात आहे, तूच घे."