तोंडी ओळख

आमच्या ह्यांना वर्गवारीचं भारी वेड. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले आणि दोन हजार दोन साली हातखंब्याच्या नाक्यावर माहिती केंद्र काढून बसले. एक संगणक, एक फोन, एक बाक. कुठल्या सेवा मिळतात ते फळ्यावर लिहिलं आणि प्रत्येकीपुढे सुरक्षेचा प्रकार. एसटीच्या वेळा, मासळीचे भाव: खुली सेवा. दहावीचा निकाल: नंबर सांगून. परदेशातून ईमेलने येणारे निरोप मात्र सर्वांत जपायचे. ते न वाचता छापून पाकिटात बंद व्हायचे. न शिकलेल्या बायकांच्या कुठला पासवर्ड लक्षात राहणार, म्हणून त्यांच्यासाठी ह्यांनी खास प्रकार काढला, तोंडी ओळख. प्रश्न एकच: नवऱ्याचं नाव काय?

"ते कुठली बायको विसरते?" असं येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगायचे.

विसरत नाही हो, पण घेते का? इतकी वर्षं संसार केला, मी ह्यांना कधी नावाने हाक मारलेली नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

संगमेश्वरकडची काशी बाजाराला आली की निरोप आहे का, ते विचारून जायची. नवरा मस्कतला गवंडीकामाला. निरोप पहिल्यांदा आला त्या दिवशी मी देवरूखला लग्नाला गेले होते. रात्री जेवताना ह्यांनी गंमत म्हणून सांगितलं.

"नाव विचारलं तर म्हणते, 'गोप्याचे बापूस.' म्हटलं, बाई, नाव सांगा. तर पदर तोंडाला लावून उभी. शेवटी म्हणाली, 'उद्या दिराला घेवन येत्ये.'"

माझा घास हातातच राहिला. "अहो, नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं असं मानतात त्या. द्यायचं होतं पाकीट!"

"आणि दुसरीच कोणी असती तर?"

"दुसरीने नाव चटकन सांगितलं असतं!"

पाकीट नेऊन द्यावं, तर काशीची वाडी कुठली ते ठाऊक नव्हतं, आणि दुसऱ्याचं पाकीट फोडणं ह्यांना जमणारं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काशी आली, सोबत दीर विठू. त्याने बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं नाव सांगितलं आणि पाकीट मिळालं. ह्यांनीच वाचून दाखवलं. 'उद्या सकाळी पोटाचं ऑपरेशन आहे. भीती वाटते. आज संध्याकाळी ह्या नंबरवर फोन कर, तुझा आवाज ऐकू दे.'

ती सकाळ उलटून गेली होती. ह्यांनी घाईघाईने फोन लावला. काशीचा नवरा, धाकू, ऑपरेशनच्या टेबलावरच गेला होता.

काशीने फोन केला असता तर तो वाचला असता असं नाही. पण जाताना एकटा गेला नसता. त्याची हळहळ मला अजून वाटते, आणि ह्यांचा रागही येतो.

पुढे मस्कतहून धाकूचे कागद आले, तेव्हा काशी एकटीच आली. मी केंद्रातच होते. हे उठून उभे राहिले आणि काही न विचारता पाकीट पुढे केलं.

तिने हात पुढे केला नाही.

"विचारा की," ती म्हणाली.

ह्यांनी पाकीट तसंच पुढे धरलं.

"धाकू," काशी म्हणाली. "धाकू बाळू घवाळी. आता कितीबी वेळा घेतलां तरी कुनाचां आयुष्य कमी होनार नाय."