वाऱ्याची डोल

यूनुसचं सगळं तरुणपण आगबोटींच्या इंजिनखोल्यांत गेलं. एकोणीसशे तेहतीसच्या सुमारास तो बोट कायमची सोडून थळला घरी आला, तो एक जुनी मोटारसायकल घेऊन. मुंबईत कुणाच्या तरी गोदामात ती गंजत पडली होती. रेवसच्या धक्क्यावर ती माणसांनी उचलून उतरवली, तेव्हा मासळीच्या पाट्या डोक्यावर घेऊन बायका तशाच बघत उभ्या राहिल्या. यूनुसने लाथ मारली, निळा धूर निघाला आणि टरटरत तो अलिबागच्या दिशेने दिसेनासा झाला.

पुढे तो लाँचने आलेली औषधांची पार्सलं रेवसहून अलिबागच्या डॉक्टरांकडे पोचवू लागला. रस्ता तांबड्या धुळीचा. ओहोटी असली की तो सरळ किनाऱ्यावरच्या कडक वाळूतून गाडी हाकायचा. पण दिवाळी उलटून जमीन सुकली, वारा सुटला, आणि गाडी दमेकऱ्यासारखी धापा टाकू लागली. इंजिन उघडून बघतो तर पिस्टनवर उभे ओरखडे, आणि रिंगा झिजून गेलेल्या. मुंबईहून नव्या रिंगा मागवल्या, घातल्या. महिन्याभरात त्याही गेल्या.

"ही हवा ओढते ती सरळ पोटात," तो बायकोला, जैबुन्निसाला, सांगत होता. "पेट्रोलात तेल मिसळलेलं, त्यात वाळू गेली की काय? कानसच झाली ती. तोंडाला गाळणी पायजे."

जैबुन्निसा गाडीकडे बघत म्हणाली, "टाकी बघा, फडकं मारलं की साफ. आणि खाली तेल लागलंय तिथं? बोटभर थर. माझ्या चुलीवरच्या फळीचं तसंच हाय. तेलकट हाय तिथंच धूळ बसते."

यूनुस उठला आणि रॉकेलचा रिकामा डबा कापायला बसला.

डब्यात त्याने काथ्या गच्च भरला, एरंडेल तेलात भिजवला आणि इंजिन हवा ओढतं त्या कार्बोरेटरच्या तोंडाला डबा जोडला. गाडी सुरू झाली, खोकली, काळा धूर ओकून बंद पडली. तिला श्वासच मिळेना. काथ्या कमी केला तर गाडी चालायची, पण धूळही आत जायची. किती दिवस तो त्याच घोळात अडकला होता.

एका सकाळी तो कोळीवाड्यातून चालला होता. खांबांवर डोली वाळत टाकलेल्या. डोल म्हणजे समुद्रात प्रवाहाच्या तोंडी बांधायचं लांबलचक पिशवीसारखं जाळं. तोंड घराएवढं, वीण मोठी, आणि शेपटीकडे बारीक बारीक होत गेलेली. एवढ्या प्रवाहात ती उभी राहते, पाणी निघून जातं आणि जवळा तेवढा मागे राहतो. यूनुस तिथेच थांबला. पाणी अडत नाही, कारण जाळं मोठं आहे. आपला डबा छोटा होता, म्हणून गाडी घुसमटत होती.

जाळी विणण्यात नीराबाईचा हात धरणारं त्या किनाऱ्यावर कुणी नव्हतं. मांडव्यापर्यंतचे कोळी तिच्याकडून जाळी न्यायचे. यूनुस तिच्या ओटीवर जाऊन बसला.

"नीरामावशी, एक डोल विणून दे. हातभर लांब. शेपटीला इतकी बारीक की पीठ अडकलं पायजे."

"काय धरायचंय रं?"

"वारा."

नीराबाई इतकी हसली की हातातलं सूत गळालं. पण तिने विणली. एक नाही, एकात एक बसणाऱ्या तीन विणल्या, मऊ सुताच्या. यूनुसने पिस्टन आणि रिंगा पुन्हा नव्या घातल्या, मोठा डबा केला, त्यात त्या तारेच्या सांगाड्यावर ताणून बसवल्या, तेलात बुडवून निथळवल्या. सूत आत ओढलं जाऊ नये म्हणून कार्बोरेटरच्या तोंडाशी चाळणीची जाळी लावली. गाडीच्या कुशीला बांधलेला तो डबा बेढब दिसायचा; पण लाथ मारल्यावर गाडी अशी मोकळी बोलली की यूनुसच्या अंगावर काटा आला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, दुपारी, तो अलिबागला पार्सल द्यायला गेला असताना डॉक्टरांनी त्याला थांबवलं. वादळाची तार आली होती. कचेरीतून शिपाई निघाले होते, पण पायी. उत्तरेकडच्या वाड्यांत ते पोचेपर्यंत संध्याकाळ होणार होती. आणि भरती आली की होड्या तरंगणार, सगळे समुद्रावर जाणार.

यूनुस थळला आला तेव्हा जमिनीकडून वारा भणाणत होता. किनाऱ्यावरची वाळू धुरासारखी उडत होती. थळच्या होड्या लोकांनी लगेच वर ओढायला घेतल्या. यूनुस पुढच्या वाड्यांना सांगायला निघणार, तोच नीराबाई धावत आली. तिचा धाकटा भाऊ अनंता सासवन्याला होता.

"तुझं एकट्याचं आयकतील व्हय ते?" ती म्हणाली. "मी येते."

"मावशी, तू बैलगाडीत पण बसत न्हाईस."

"आज बसते. हाक."

ओहोटी अजून होती. ओल्या वाळूवरून गाडी निघाली. मागे नीराबाई, लुगड्याचा काष्टा घट्ट, दोन्ही हातांनी यूनुसचा सदरा मुठीत धरलेला. वाळू तोंडावर सुयांसारखी टोचत होती. यूनुसने डोळे बारीक केले. त्याला दहा हातांपलीकडचं दिसेना. कान मात्र इंजिनकडे लागलेले. आता खोकेल, आता अडकेल. गाडी अडकली नाही. त्या वाळूच्या लोटात ती एकसुरात गात चालली होती. नवगाव गेलं, किहीम गेलं. दर वाड्यापाशी नीराबाई उतरून ओरडायची, "वर वढा रं होड्या! वादल हाय!" आणि पुन्हा चढून बसायची.

सासवन्याला पोचले तोवर पाणी चढलं होतं. होड्या तरंगत होत्या, अनंता शीड उभारत होता. नीराबाई कमरेएवढ्या पाण्यात शिरली. अनंताने वळून बघितलं. केसांत वाळू, तोंड तांबडं, नुसते डोळे पांढरे. आधी त्याने तिला ओळखलंच नाही.

"तू... त्याच्यावर बसून आलीस?"

"व्हय. शीड उतरव."

अनंताने शीड उतरवलं. जी बाई बैलगाडीला घाबरायची ती त्या यंत्रावर बसून आली, म्हणजे समुद्रात काहीतरी भयंकर होतं, एवढं त्याला पुरे होतं. त्याचं बघून बाकीच्यांनीही होड्या फिरवल्या.

मांडव्यापर्यंतचा किनारा आता पाण्याखाली होता. धुळीच्या रस्त्याने दोघं पुढे गेली, आणि मांडव्याची शेवटची होडी सुटायच्या आत पोचली.

दिवस मावळताना वादळ आलं. समुद्र कोळीवाड्यांच्या अंगणात शिरला, माडांचे शेंडे मोडले, कित्येकांची छपरं उडाली. सकाळी लोक बाहेर आले आणि एकमेकांची नावं घेत मोजू लागले. त्या सगळ्या वाड्यांत एकही माणूस कमी झालं नव्हतं.

वारा पडल्यावर दोघं सासवन्याला परतली. अनंताच्या अंगणात यूनुसने डबा सोडला. तिन्ही जाळी रॉकेलमध्ये खळबळून काढली, ते रॉकेल पांढऱ्या चिनी परातीत ओतलं आणि निवळू दिलं. सगळे वाकून बघू लागले. तळाशी ओंजळभर गाळ बसला होता. चकाकणारी वाळू, तांबडी माती, गवताची कुसं, कोळशाची भुकटी, आणि एका पतंगाचा अख्खा पंख.

मग त्याने इंजिन उघडलं. पिस्टनवर तेलाचा ओला थर होता. बोट फिरवलं, एक ओरखडा लागला नाही.

 नीराबाईने परातीत बोट घातलं, गाळ चोळला, आणि हळू आवाजात विचारलं, "आपन पण हाच वारा घेतो ना रं? छातीत?"

"घेतो, मावशी."

"आनि तरी जगतो?"

 अनंताने वर बघितलं. समुद्रावरून मंद झुळूक येत होती आणि तिच्यात डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. नीराबाईने एक लांब श्वास घेतला, थोडा वेळ तसाच धरून ठेवला, आणि अगदी सावकाश सोडला.