सगुणाबाईंची जीभ

सगुणाबाईंनी मिरची कांडपाच्या मशीनचं बटण बंद केलं आणि पायरीवर छाती धरून बसलेल्या सुनेपुढे गुळाचा खडा टाकला.

“खा. मिरचीनं... कुणी मेलं न्हाई अजून.”

शेफालीने खडा उचलला नाही. तिचा श्वास भात्यासारखा चालला होता. भाटघरहून मसाला कुटायला आलेल्या बाया नाकाला पदर लावून बघत होत्या.

“आत्या, दवाखान्यात जायचं. तुमीबी चला.”

“सोंग. नुसतं... सोंग.” सगुणाबाई मसाल्याच्या चाळणी-मशीनला टेकल्या.

कांडपातल्या मिरचीपेक्षा सगुणाबाईंची जीभ तिखट, हे अख्ख्या भोरला ठाऊक होतं. मशीनच्या खडखडाटावर आवाज चढवून त्या माणसाच्या सात पिढ्या न थांबता उद्धरत. आजारी माणसाचा तर त्यांना तिटकाराच. शिंकणारा नाजूक, खोकणारा कामचुकार आणि धाप लागलेला नाटकी. कांडपातल्या खोकल्यासाठी डॉक्टर म्हणजे नदीवर धुणं धुवायला छत्री! गूळ चघळायचा, थुंकायचं आणि पुढचा डबा घ्यायचा.

आणि ही बी.ए. झालेली सून! उन्हाळा लागल्यापासून छातीत धडधडतं, हाताला मुंग्या येतात, श्वास पुरत नाही, एकच रड. पहाटे उठून भिंतीला कान लावून बसायची. सगुणाबाईंना ते दिसे, कारण त्याही उशीला टेकून जाग्याच असत. आडवं झालं की घशात मिरची उभी राहायची, एवढंच.

बायांपुढे शोभा नको, म्हणून त्या निघाल्या. दवाखान्याच्या जिन्यात दोनदा थांबल्या, पदर सारखा करायला.

डॉक्टर म्हणजे कालची पोर. हिला कुणी डॉक्टर केलं, असं तोंड करून सगुणाबाई बघत राहिल्या. तिने शेफालीची छाती, पाठ, नाडी नीट तपासली.

“फुफ्फुसं स्वच्छ आहेत. ही भीती आहे. ती खोटी नाही आणि तिच्यावर उपचारही आहेत. पण धाप वाढत गेली, आडवं झोपवेना, एक वाक्य एका दमात पुरं होईना, तर घरी थांबायचं नाही. लगेच यायचं.”

“म्हंजे... काय झालं न्हाई. फुकट... हेलपाटा.” सगुणाबाई उठल्या.

शेफाली हलली नाही.

“डॉक्टर, आता आत्यांना तपासा.”

“मला?”

“पहाटं तुमची छाती वाजती, आत्या. ती ऐकून माझा जीव घाबरा होतो. लगीन होऊन आले तवा तुमची शिवी सुरू झाली की दूध उतू जाईस्तवर संपायची न्हाई. आता दोन शब्दांत संपती.”

सगुणाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. परक्या माणसापुढे ही जीभ? हिचं शिक्षण, हिचं माहेर, सगळं एकदम काढायला हवं होतं. त्यांनी टेबलावर हात रोवला आणि श्वास ओढला.

“तुझ्या मायनं तुला...”

शेफालीने पूर्वीसारखी मान खाली घातली, ऐकून घ्यायला. डॉक्टरही थांबली. पुढचं काही आलंच नाही.

सगुणाबाईंनी कनवटीला हात घातला, गुळाचा खडा काढला आणि टेबलावर ठेवला. मग डॉक्टरपुढे खुर्ची ओढून बसल्या.