समुद्र रुंद करण्याचा ठराव

विलोबी गावाने हात वर केले की अटलांटिक महासागर रुंद होतो. वॉशिंग्टनमध्ये कोणीही निवडून येवो, युरोपने किती लांब असायचं ते अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावरचं हे एवढंसं गाव ठरवतं. दर मार्चमध्ये गावसभा भरते, एक जण ठराव मांडतो, दुसरा दुजोरा देतो, हात वर होतात आणि संध्याकाळपर्यंत आयर्लंड मागे सरकतं. सेनेटरसाहेब कोपऱ्यात उभे राहून मान डोलवतात, कारण पुढच्या निवडणुकीत त्यांना हेच हात हवे असतात.

याच गावात राहणाऱ्या शर्मिष्ठा चेंदवणकरचा नवरा विश्राम या समुद्रात अडकला होता. मालवाहू जहाजावर तो इंजिनिअर. रॉटरडॅमहून निघाला तेव्हा जेमतेम दोन आठवड्यांचा प्रवास होता, आणि आता त्याला सात वर्षं झाली. जहाज बंद पडलेलं नव्हतं. ते रोज पुढे यायचं आणि मार्चमध्ये तेवढंच मागे पडायचं.

"किनारा दिसला का रे?" ती फोनवर विचारायची.

"दिसला होता. तुमची सभा झाली आणि गेला."

"जेवलास?"

"बटाटे."

हे सगळं हार्लन प्रुइटचं काम. मासे डबाबंद करायचा कारखाना त्याचा आणि सभेचा अध्यक्षही तोच. पलीकडचे मासे स्वस्त, म्हणून पलीकडचे लोक लबाड. आपण सैन्य ठेवून त्यांची राखण करायची आणि त्यांनी आपल्याच ताटातलं ओढायचं, हे तो इतकं कळवळून सांगायचा की कारखान्यातल्या कामगारांचेच काय, चर्चमधल्या बायकांचेही हात आपोआप वर जायचे. शर्मिष्ठा दर वर्षी शेवटच्या बाकावरून उठून समुद्र अरुंद करायचा ठराव मांडायची. "दुजोरा आहे?" प्रुइट विचारायचा, सगळ्यांकडे सावकाश बघायचा आणि हसायचा. कोणी दुजोरा देत नसे, आणि दुजोऱ्यावाचून ठराव तिथेच पडायचा. तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. या हसण्याचा सूड घ्यायचा असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. नवरा परत यावा या इच्छेपेक्षा ही इच्छा कधी मोठी झाली, ते तिलाही कळलं नाही.

यंदा तिने जेवणानंतरची वेळ धरली. सभेच्या दिवशी सगळं गाव एकत्र जेवतं, गोड बीन्सची पातेली रिकामी होतात आणि मग लोक पेंगत पेंगत मतं देतात.

ती उठली. "समुद्र रुंद करावा. मात्र या खेपेला आपल्या बाजूने."

'रुंद' एवढं ऐकूनच निम्मे हात वर गेले होते. प्रुइट खूश झाला. "आली एकदाची बाई ताळ्यावर! माझाच दुजोरा."

हात मोजावे लागले नाहीत. शेवटच्या बाकापुढे सभागृहाची फरशी सरळ रेषेत फाटली, मधे पाणी आलं, आणि व्यासपीठ, बाकं, पातेली, सेनेटरसाहेब आणि झाडून सगळं गाव पूर्वेकडे निघालं. थोडा वेळ त्यांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

मग प्रुइटने तोंडाला कर्णा लावला. "ठराव मांडतो! समुद्र अरुंद करावा! दुजोरा किनाऱ्यावरच्या माणसाने द्यायचा, शर्मिष्ठा! नियम आहे!"

किनाऱ्यावर तिच्याशिवाय कोणी उरलं नव्हतं. तिला इतकं बरं वाटलं की ताटातल्या थंडगार बीन्स तिने चाटूनपुसून खाल्ल्या. तोवर प्रुइट ठिपक्याएवढा झाला होता.

फोन वाजला.

"अगं, तुमचं गाव इथे आलंय," विश्राम म्हणाला. "सगळ्यांना जहाजावर घेतलं. बिचारे कुडकुडतायत."

"प्रुइट?"

"माझ्या शेजारीच आहे. माझा कोट घातलाय त्याने. म्हणतो, तू नुसता हात वर केलास की आम्ही सगळेच चहाच्या वेळेपर्यंत घरी."

"हसतोय का तो?"

"नाही गं. रडतोय."

"रडू दे अजून."

"शर्मिष्ठा, मीही इथेच आहे."

ते तिला ठाऊक होतं. तिने फोन बाकावर ठेवला, दोन्ही हात मांड्यांखाली घेतले आणि त्यांच्यावर घट्ट बसली. पाणी बाकाच्या पायांना लागलं होतं, आणि फोनमधून विश्राम तिला हाका मारत होता, प्रत्येक हाक आधीच्यापेक्षा लांबून.