जोडगाडी

वित्रेहून निघालेली लोकल रेन स्टेशनला उशिराच पोचली. ब्रेस्टला जाणारी वेगवान गाडी पलीकडच्या फलाटावर सुटायच्या बेतात होती. नोल्वेनच्या सासूबाईंनी, स्वाझिकनी, चार वर्षांच्या नातवाचं, मालोचं, मनगट धरलं आणि त्या समोर दिसलेल्या पहिल्या दारात घुसल्या. नोल्वेन बाबागाडी ओढत पुढे आपल्या डब्यात गेली, तर त्या दोघांच्या जागा रिकाम्या. मालोला सुक्या मेव्याची जीवघेणी अ‍ॅलर्जी होती आणि वेळ आली तर टोचायचं इंजेक्शन होतं तिच्या पर्समध्ये.

तिने फोन लावला.

"अगं, मागे बसलोय आम्ही. येतो आतून चालत. ओरडतेस काय?"

"आई, आतून वाट नाही! जोडगाडी आहे ही, इथे दोन भाग वेगळे करतात. आपला भाग ब्रेस्टला, तुमचा कँपेरला!"

"गाडी ती गाडी. आणि इथल्या बाई बघ किती गोड, मालोला बिस्किट दिलं त्यांनी."

बाबागाडी तिथेच टाकून नोल्वेन खाली उतरली आणि फलाटावरून धावत सुटली.

"मॅडम, दारं बंद होतायत!" मागच्या भागापाशी गार्ड ओरडला.

"मग धरून ठेवा!"

आत शिरून तिने मालोच्या मुठीतलं बिस्किट हिसकावलं. अजून चावलेलं नव्हतं. मालोने भोकाड पसरलं.

"एका बिस्किटाने मरतंय का कुणी?" सासूबाई म्हणाल्या. "ठेव पोराला काचेच्या कपाटात!"

"नाताळात त्याचा गळा सुजला, तेव्हा तुम्ही सर्दी म्हणालात."

मुलाला कडेवर घेऊन ती उतरली. पिशव्या सावरत सासूबाईही धापा टाकत मागोमाग. पुढचा भाग बाबागाडी घेऊन ब्रेस्टकडे निघून गेला होता.

"झालं समाधान? आता पुढच्या गाडीने चल. लेकराचा वाढदिवस आहे, केक करून ठेवलाय माझ्या घरी, ब्रेस्टला."

"काय घातलंय त्यात?"

सासूबाई गळ्यातला रुमाल नीट करू लागल्या.

"आई, मी विचारतेय."

"बदामाची पूड. अगदी जराशी! त्याशिवाय चव येते का? त्याला कळलंही नसतं."

नोल्वेनने हात मालोच्या पाठीवर घट्ट दाबून धरला आणि ती वळली. वित्रेला परतणारी लोकल अजून पलीकडे उभी होती.

"अगं, कुठे?"

"घरी."

"आणि तिकडे ब्रेस्टला यान स्टेशनवर वाट बघतोय! तुझ्या नवऱ्याला काय सांगू मी?"

"तुमचाच मुलगा आहे," नोल्वेन न थांबता म्हणाली. "बदामाचं सांगा."