फळी फोडण्याआधी

ओसाकातल्या त्या छोट्या डिझाइन कंपनीत सुगिमुराने खपून पाच माणसं घडवली होती. खरी नव्हेत, कार्डांवरची. शेजारशेजारच्या घरांच्या गॅलऱ्यांना वेगळं करणारी नवी पातळ फळी कोण वापरणार, हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर राहावं म्हणून. आग लागली की ही फळी लाथेने फोडायची आणि शेजाऱ्याच्या गॅलरीतून निसटायचं. पाचांत त्याची लाडकी म्हणजे मित्सुए-सान. वयस्क, एकटी, शेजाऱ्याला त्रास नको म्हणून रेडिओही हळू लावणारी.

"मित्सुए-सान फळी फोडणारच नाहीत," तो बैठकीत म्हणाला. "आधी शेजाऱ्याला विचारतील. म्हणून फळीवर बेल हवी."

"घराला आग, आणि आजी बेल वाजवतायत!" ओनिझुका खो खो हसला. तो ज्युदो खेळलेला, अंगाने दांडगा. "मग शेजारी म्हणणार, या, चहा घ्या! काढून टाक रे ती कार्डं."

सुगिमुराचे कान तापले. तसं ठरलं तर सगळी मेहनत वाया. त्याने विभागप्रमुख कुरामोची-सान यांच्याकडे पाहिलं. त्या नुसतं 'नको' म्हणाल्या असत्या, तरी विषय संपला असता. पण त्या उठल्या. "चला, खाली."

खाली कार्यशाळेत नमुन्याची गॅलरी उभी होती.

"ओनिझुका, मागे आग आहे. पळा!"

ओनिझुका धावला, फळीपाशी थबकला, किंचित वाकून "माफ करा हं" म्हणाला आणि मगच त्याने लाथ घातली. नवी फळी बसवल्यावर सुगिमुराही तसाच अडला. शेवटी कुरामोची-सान. त्यांनी तर चक्क टकटक केलं.

"बघा!" त्या स्वतःलाच हसल्या. "कळत असूनही हात गेला."

"म्हणजे मित्सुए-सान बरोबर होत्या?" सुगिमुराने चाचरत विचारलं.

"अगदी बरोबर. त्यांच्यामुळेच हे आपल्याला दिसलं. पण जिथे माणसं वेगवेगळी वागतात, तिथे कार्डांचा उपयोग. इथे आपण तिघेही सारखेच अडलो. कार्डं नकोत, बेलही नको. फळीवर ठळक लिहा: विचारू नका, फोडा."

ओनिझुका मान खाजवत म्हणाला, "आजींची मी उगीच थट्टा केली."

हरल्यासारखं वाटेल अशी सुगिमुराला भीती होती. तसं वाटलं नाही. आपली चूक आपल्यालाच इतक्या हळुवारपणे उलगडू देणारं माणूस त्याने आजवर पाहिलं नव्हतं. वर जाऊन तो भिंतीवरची कार्डं स्वतःच उतरवू लागला. टाचण्या धरायला कुरामोची-सान यांनी तळहात पुढे केला.